पोचल्याचा मिसकॉल

लेकरू निजलंय तवर सांगून घेते, उठलं की काय बोलू देत न्हाई. दिवाळी अंकवाल्या बाई म्हनल्या, सुनीता, तुझ्या कामाबद्दल लिही, असं बी काम असतं हे लोकाला म्हाईतच न्हाई. म्या म्हनलं बाई, माझी नववीत शाळा सुटली, मला कुठं लिहायला येतंय. तर म्हनल्या तू बोल, मिशीन लिहील. म्हनून बोलायलेय. ती मिशीन माझं 'न्हाई' पुस्तकातल्यावानी 'नाही' करती, मी परत माझं करते, तेवढ्यातच अर्धा येळ चाललाय.

मी नेकनूरची. गावाचं नाव सांगू का नको ह्याचा बी इचार केला, पन ज्याला कळायचं त्याला कळून चुकलंय, ते पुढं येईलच.

आमच्या जिल्ह्यात पत्रकार म्हंजे टीव्हीत दिसतेत तसले कोटवाले न्हाईत. कोन मोबाईल दुरुस्त करतंय, कोन किराना दुकानात बसतंय, कोन केळी इकतंय, आन त्याच्यासंगं बातम्या देतंय, वाळूच्या, राखेच्या, रेशनच्या. शहरातला पत्रकार बातमी देऊन आपल्या घरी जातो. आमच्यातला जातो तो ज्याची बातमी दिली त्याच्याच गल्लीतून. बीडला एक वकील मॅडम हायत, त्यांनी अशा लोकांचा एक गट केला आन त्यांना संभाळायला हे एआय आनलं. मॅडमला एक बाई पायजे होती, आपल्याकडचं बोलनं कळनारी, घरी बसून करनारी. माझी परी तवा अंगावर पीत होती, मला कोन कामावर घेतंय. तर मॅडमनी घेतलं.

काम सोपं सांगते. पत्रकारानं घरातून निघायच्या आधी फोनमधे बोलायचं, कुठं चाललो, कुनाला भेटनार, कधी येनार. मिशीन ते लिहून घेती आन येळ लावती. परत आला की आपल्या तोंडानं म्हनायचं, 'पोचलो'. मिशीनमधे प्रत्येकाचा आवाज भरलाय, तो जुळला की त्याचं नाव हिरवं होतं. येळ टळली आन आवाज आला न्हाई तर नाव लाल, आन माझा फोन बोंबलाया लागतो. मग मी त्याला फोन लावायचा, न्हाई उचलला तर त्याच्या घरी, मग जवळच्या दुसऱ्या पत्रकाराला, मग मॅडमला, आन मॅडम पोलिसात. पत्रकारांनी त्या मिशीनचं नाव नणंद ठिवलंय. कुठं चाललाव, कुनासंगं, कधी येनार, नणंदंशिवाय कोन इचारतंय एवढं.

दुसरं काम घान हाय. पत्रकाराला येनारे मेसेज, त्याच्या व्हिडिओखाली लोकं काय काय लिहितेत, आवाजातले निरोप, सगळं मिशीन बघती आन रंग लावती. हिरवं म्हंजे सोडून द्या. पिवळं म्हंजे मानसानं बघा. लाल म्हंजे आत्ताच्या आत्ता मॅडमला सांगा. एवढा ढीग एका मानसाच्यानं वाचूनच झाला नसता, पत्रकाराच्यानं तर न्हाईच, तो एक तर घाबरून काईच बघत न्हाई, न्हाई तर दिसभर तेच बघत बसतो आन त्याला जेवन जात न्हाई. पिवळे माझ्याकडं यायचे. मांडीवर परी दूध पितीय, माझ्या एका कानात वायर, आन त्यात कोन तरी कुनाच्या तरी आईबहिनीचा उद्धार करायलंय. पहिल्या पहिल्यानं मी परीचे कान झाकायची. वायरीतलं तिला ऐकू येत नव्हतं, तरी बी झाकायची.

शिव्या देनाऱ्याचं आता मला भ्या वाटत न्हाई. शिव्या देऊन मानूस मोकळा होतो, चहा प्यायला जातो. भ्या वाटतं गोड बोलनाऱ्याचं. आमच्याकडं खरी धमकी देताना कोनी आवाज चढवत न्हाई. 'भाऊ, लेकरं कोन्त्या शाळेत हायत?' 'भाऊ, गाडी हळू चालवत जा, रोड लई खराब हाय.' मिशीन म्हनायची, काळजीचा निरोप, हिरवा. मग मॅडम आन मी बसून तिला एकेक दाखवलं, हा लाल, हा बी लाल. शिकली ती. पन शिकली ती इतकी शिकली की एका पत्रकाराच्या सख्ख्या मामानं लिहिलं, गाडी हळू चालव, तर तो बी लाल. मामाला मॅडमचा फोन गेला. मामा म्हनला, "अहो बाई, मी काय गुंड हाय का? भाच्याला हळू चालव म्हनायला बी आता वकील लागतोय का?" मामा अजून बी भाच्याला मेसेज करत न्हाई, फोनच करतो.

मग एक दिस माझ्याच दारात. सकाळचं मी धुनं वाळू घालत होते, परी अंगनात खेळत होती, तर एक मानूस गाडी लावून उभा ऱ्हायला. कपडे चांगले, बोलनं चांगलं. "वैनी, पानी मिळंल का?" तांब्या दिला. प्यायला, तांब्या नीट खाली ठिवला. मग खिशातून चॉकलेट काढून परीला दिलं. म्हनला, "लेकरू गोड हाय. तुमी दिसभर घरीच असता का? चांगलं हाय, आजकाल फोनवर घरबसल्या काम मिळतंय." आन गेला. एवढंच. म्या परीच्या हातातून ते चॉकलेट हिसकलं आन उकिरड्यावर फेकलं, ती एवढी रडली, एवढी रडली.

परीचे पप्पा टेम्पो चालवतेत. ते आले तवा सांगितलं.

"शिवी दिली का त्यानं?"

"न्हाई."

"हात लावला का लेकराला?"

"न्हाई."

"मग काय केलं?"

"काईच न्हाई केलं, म्हनून तर म्हनतेय."

ते उठून दाराशी गेले, परत आले. म्हनले, "सोड ते काम. पत्रकार त्यांची बातमी देतेत, त्यांचं नाव होतंय. आपलं काय होतंय?"

म्या म्हनलं, "सोडते. पन सोडलं हे त्या मानसाला कोन सांगायला जाईल?"

 दुसऱ्या दिशी त्यांनी दाराला आतून अजून एक कडी ठोकली, आन मला म्हनले, लेकरू घेऊन मॅडमच्या हापिसात बसून काम कर, हितं न्हाई. तवापासून मी सकाळच्या यष्टीनं परीला घेऊन बीडला जाते. कोनी खिडकीतून परीकडं बघून हसलं की मी तिचं तोंड फिरवते. लोकं म्हनत असतील काय बाई हाय.

आता सलीमभाईचं सांगते, त्यासाठीच बसले.

सलीमभाईचा परळीला स्टेशनच्या बाजूला केळीचा गाडा, घर बी तिथंच मागं. वयानं माझ्या वडलाएवढे, मला बेटी म्हनायचे. तिकडं वीज बनवायला कोळसा जाळतेत, त्या राखेच्या गाड्या चालतेत, वर ताडपत्री न्हाई, राख सगळी उडती. सलीमभाईनं काय केलं, एक केळं सोललं, रोडच्या कडंला दगडावर ठिवलं, मोबाईल लावला आन समोर चहा प्यायला गेले. चहा पिऊन येईस्तवर केळं करडं झालतं. व्हिडिओत शेवटी तेवढंच म्हनले, "हे केळं तुमी खाल का? आमची लेकरं हेच खायलीत." तो व्हिडिओ लई फिरला. गाड्या कुनाच्या ते मी सांगनार न्हाई, केस चालू हाय, मॅडमनी बोलू नको म्हनलंय. पन तवापासून सलीमभाईच्या नावावर पिवळ्याचा आन लालचा पाऊसच चालू झाला.

त्यांना त्याचं काय वाटायचं न्हाई. त्यांना भ्या होतं ते आमच्या नणंदंचं. त्याला कारन झालतं. नांदूरघाटला त्यांच्या दोस्ताच्या लेकीचं लगीन होतं. सलीमभाई बातमीला गेलते, तिकडूनच परस्पर लग्नाला गेले, आन 'पोचलो' म्हनायचं इसरले. येळ टळली, नाव लाल. मी फोन लावला, डीजे चालू असंल, त्यांना कुठं ऐकू येतंय. घरी लावला, तर त्यांच्या बायकोनं, नसीमभाभीनं उचलला, म्हनल्या आले न्हाईत. मग मी नेमानं सगळ्यांना लावत गेले, पोलिसांनी त्यांचा फोन कुठं हाय ते काढलं आन गाडी सरळ मांडवात. पंगत उठून उभी. साहेब इचारायलेत, सलीम कोन हाय, आन सलीमभाई हातात जिलेबी घेऊन तसेच. लोकं म्हनायलेत, "भाई, वरात नवरदेवाची हाय, गाडी तुमाला कावून आली?" मला फोन करून हसत म्हनले, "अरे बेटी, क्या करी तू? पुलिस मेरेकूच दूल्हा बनाके ले जा री थी." हसले खरं, पन आतून लागलं त्यांना. लेकीच्या मांडवात पोलीस आला म्हनून दोस्तानं बोलनं टाकलं. मला म्हनायचे, गुंड एकदाच मारतील, तुझी नणंद रोज इज्जत काढती.

आन लाज सगळ्यांनाच वाटायची. चार मानसात उभं ऱ्हाऊन फोनला 'पोचलो, पोचलो' म्हनायचं, लोकं बघतेत. आपल्याकडं पोचलं की मिसकॉल देतेत. यष्टीतनं उतरलं की एक रिंग, माहेरी कळतं लेक पोचली. उचलला तर उलट बोलनी बसतेत. म्हनून सगळे पत्रकार मॅडमला म्हनले, आमचा मिसकॉल धरा. मॅडम न्हाई म्हनल्या, लई दिस न्हाई म्हनल्या. पन लोकं बोलतच न्हाईत म्हनल्यावर त्यांनी मिशीनला तसं सांगून घेतलं, ज्याच्या त्याच्या नंबरवरून मिसकॉल आला तरी नाव हिरवं. ज्यानं त्यानं हुश्श केलं. मी बी केलं. मी सासरी आल्यापासून आईला मिसकॉलच देते की.

त्या दिशी सकाळी सलीमभाई मिशीनला बोलले, गावाबाहेरच्या जुन्या वीटभट्टीमागं राखेच्या गाड्या रिकाम्या व्हायलेत म्हनतेत, बघून येतो, दुपारच्या अजानपर्यंत घरी. दुपारी मी परीला वरनभात चारत होते, मिसकॉल आला, नाव हिरवं झालं. मला वाटलं, चला, भाई पोचले, जेवायला बसले असतील. म्या परीला बी म्हनलं, केळीबाबा आले घरी, तू बी घास घे.

दिस कलायला लागला तवा मी हिरवे मेसेज खाली सारत होते. हिरवे कोन बघत न्हाई, नुसते सारायचे असतेत. त्या केळ्याच्या व्हिडिओखाली कोनी तरी लिहिलं होतं, 'आता गाड्यावर केळी कोन इकनार?' मिशीननं लिहिलं होतं, धंद्याबद्दल इचारपूस. मी पुढं गेले. परत मागं आले. कोन इकनार म्हंजे? सलीमभाईच इकनार की.

त्यांच्या नंबरवर फोन लावला. नसीमभाभीनं उचलला.

"भाभी, भाई हायत का? द्या जरा."

"वो कां है? सुबह के गये सो आये नै अबी."

"मग फोन तुमच्याकडं कसा?"

"घर मेंच रख के गये ना. बोले, नवा फोन हाय, हिसकतेत. छोटा फोन ले के गये."

म्या इचारलं, "भाभी, दुपारी मिसकॉल आला मला."

"मैं दी ना," भाभी म्हनल्या. "वोच बोल के गये, अजान हुई की सुनीता को मिसकॉल दे, नै तो पुलिस भेज देगी वो." आन हसल्या त्या. खरंच हसल्या. मग माझ्याकडून काईच आवाज येईना म्हनल्यावर त्यांचं हसू थांबलं. "सुनीता? क्या हुआ गे? बोल ना."

 मॅडमच्या टेबलापाशी गेले, नुसता फोन पुढं केला. पुढचं सगळं मॅडमनी केलं. पोलिसांनी येळ लावला न्हाई, आन परळीतले दोन पत्रकार त्यांच्या आधी गाडीवर निघाले. सकाळी भाई काय बोलले ते मिशीनमधे होतं, वीटभट्टीमागं, त्यामुळं कुठं हुडकायचं हे तरी कळलं. एवढं तिचं पुन्य मी मानते. ते नसतं तर कुठं हुडकलं असतं, सगळीकडं राखच हाय तिकडं.

भट्टीमागच्या राखेच्या ढिगात सापडले. हात मागं बांधलेले. तोंडात राख कोंबलेली. मारनारे काय म्हनले ते भाईनं मागून पोलिसाला लिहून सांगितलं, बोलता येत नव्हतं तवा. 'लई राख दाखवतोस, आता खाऊन सांग कशी लागती.' छोटा फोन सापडला न्हाई.

जगले. दवाखान्यात गळ्याला भोक पाडून नळी घातली होती, लई दिस होती. मी बघायला गेले, परीला बाहेर पप्पांकडं ठिवून. नसीमभाभी माझा हात धरून एकच बोलत होत्या, "मैं दी मिसकॉल. मेरे हात से दी." म्या म्हनलं भाभी, तुमी त्यांचंच ऐकलं. म्हनल्या, हौ, वोच तो. मग परत तेच. चूक कुनाची ह्याचा मी लई इचार केलाय, भाभीची न्हाई, भाईची न्हाई, मॅडमची म्हनावं तर त्या न्हाईच म्हनत होत्या. ज्यांनी राख कोंबली त्यांची हाय, हे मला कळतंय. तरी पन वरनभात कालवताना हात थांबतो.

मॅडमनी मिसकॉल बंद केला. आता ज्यानं त्यानं आपल्या तोंडानंच बोलायचं, लाज वाटो का काय वाटो. कोनी कुरकुर करत न्हाई आता.

सलीमभाई परत गाड्यावर बसले. मला वाटलं बातम्या सोडतील. पहिल्याच दिशी फोनला बोलले, बाजारात चाललो, दिस मावळायच्या आत घरी. घरी आले आन म्हनले, 'पोचलो.' मिशीननं लिहिलं, आवाज जुळला नाही. नाव लाल. माझा फोन बोंबलला. मी लावला, तर तिकडून आवाज आला, उसाच्या वाळलेल्या पाचटावर पाय दिल्यावर येतो तसा. "मैंच हूँ बेटी. पेहचानी नै क्या तेरी नणंद?"

उपाय सोपा होता. नवा आवाज भरायचा. पन आमच्या त्या मिशीनीत एका मानसाचा एकच आवाज ऱ्हातो, नवा भरला की जुना पुसतो. मॅडम म्हनल्या, बोलाव त्यांना, भरून घे. भाई आले बीडला, नसीमभाभी संगं, परीला केळी घेऊन. मी फोन समोर ठिवला. भरायच्या आधी मिशीन जुना आवाज एकदा वाजवून दाखवती, हाच पुसायचा ना म्हनून. तो वाजला. 'सलीम बोलतोय, पोचलो.' नुसतं एवढंच, भरदार, गाड्यावर गिऱ्हाईक बोलवायचे तसं. भाईनं खाली बघितलं. भाभीनं फोन उचलून कानाला लावला.

"एक बार और लगा ना," म्हनल्या.

म्या परत लावलं. मग परत. मग भाभीनं फोन टेबलावर पालथा ठिवला, म्हनल्या, "पुसू नको. राहू दे."

मॅडमनी समजावलं, सुरक्षेचा सवाल हाय, आवाज दुसरीकडं काढून ठिवू. भाभी म्हनल्या, "काढून ठिवा, पन मिशीनला बी खरा आवाज म्हाईत राहू द्या." भाईनं बी होय म्हनून मान हलवली. मॅडम माझ्याकडं बघायल्या. म्या म्हनलं, ऱ्हाऊ द्या मॅडम, मी बघते रोज.

म्हनून सलीमभाईचं नाव रोज लाल होतं. रोज फोन बोंबलतो, रोज मी लावते, आन ते उचलतेत. नुसतं 'मैंच हूँ' वर मी हिरवं करत न्हाई, आजकाल मानसाचा आवाज बी मिशीनीतून बनवतेत, हे आमालाच शिकवलंय. मी बोलत बसवते. भाई, आज केळी कशी गेली, भाभीनं काय केलंय जेवायला, परीला कधी येताव भेटायला. मागं स्टेशनवरच्या रेल्वेचा भोंगा ऐकू आला न्हाई तर भाभीकडं फोन द्या म्हनते. मिशीन म्हनती हा तो मानूस न्हाई. मी म्हनते हाय, तोच हाय. मग बोट दाबते.

परीचे पप्पा म्हनतेत, रोज लाल बघून बघून तुला सवय लागंल, आन एक दिस खरं लाल असंल. मला तेच भ्या हाय. मी त्यांना सांगितलं न्हाई, पन मला तेच भ्या हाय.

परी उठली. उन्हं बी उतरलीत. फोन बोंबलायलाय, लाल हाय, सलीमभाईच असतील. रोजच्या येळंला असतेत. रिंग जायलीय. उचला भाई.

रिंग जायलीय.